हजेरीशिवाय वाघ नाही

ईशान, मीरा, मागच्या रविवारी व्हिडिओवर बोलताना तुम्ही माझ्या पाठीमागच्या भिंतीवरचं चित्र पाहिलंत आणि विचारलंत, "आजी, त्या डोंगराचा डावा भाग कुणी पुसला?" मी म्हटलं, "हरणांनी चाटला." तुम्ही दोघं हसलात, तेवढ्यात तुमच्या आईने जेवायला हाक मारली आणि फोन बंद झाला. मी चेष्टा करत नव्हते. तो डोंगर खरोखरच दोन चितळांनी चाटून खाल्लेला आहे, आणि ज्यांनी तो रंगवला त्यांनी तो मुद्दाम तसाच ठेवला आहे. अर्धवट उत्तर देऊन फोन ठेवलेला मला आवडत नाही, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

चित्र डोमाभाऊंचं. आमच्या ब्रह्मपुरीहून वैनगंगा ओलांडली की वडसा लागतं. दिवाळी झाली की वडशाहून झाडीपट्टीची नाटकं निघतात आणि सगळा हिवाळा गावोगाव फिरतात. कापणी झालेल्या शेतात मांडव पडतो, स्टेज उभं राहतं आणि माणसं पोती अंथरून रात्रभर नाटक बघतात. त्या स्टेजच्या मागे लागणारे पडदे रंगवणं हा डोमाभाऊंचा धंदा होता, त्यांच्या वडिलांचाही तोच. राजवाडा, तुरुंग, रस्ता आणि जंगल. पंचक्रोशीत त्यांना सगळे डोमा पेंटर म्हणत. मागच्या श्रावणात ते गेले.

उंच, वाळके, आणि मिशी कायम रंगलेली. ब्रशाचं टोक ओठांनी बारीक करायची त्यांना सवय होती, त्यामुळे मिशीवरून आज काय चाललं आहे ते कळायचं. मिशी निळी असली की राजवाड्यावरचं आकाश, गेरूची असली की तुरुंगाची भिंत. उजव्या कानावर पेन्सिल आणि डाव्या कानावर बिडी. विचारात असले म्हणजे पेन्सिल तोंडात धरून काडी ओढायचे. मी दोनदा वेळेवर थांबवलं. तिसऱ्यांदा मुद्दाम थांबवलं नाही.

मी कॉलेजातून निवृत्त झाले त्या वर्षी ते आमच्या फाटकावरची पाटी रंगवायला आले होते. मी व्हरांड्यात जलरंग मांडून बसले होते. नागपूरच्या कॉन्व्हेंटमध्ये जे शिकले तेच चाळीस वर्षं गिरवत होते. उतरत्या छपराचं घर, शेजारी ओढा, ओढ्याकाठी पिवळी फुलं. ती फुलं मी कधी डोळ्यांनी पाहिलेली नव्हती. पाटीवर तुमच्या आजोबांचं नाव लिहून झाल्यावर डोमाभाऊ माझ्या मागे येऊन उभे राहिले.

"बाई, हे घर कुठचं जी?"

"कुठलंच नाही. पुस्तकातलं आहे."

"अन् हे झाड?"

"तेही पुस्तकातलं."

ते बराच वेळ बघत राहिले. मग अगदी नम्रपणे म्हणाले, "मंग पुस्तकातच राहू द्या ना त्याले. कायले उन्हात आणलं बिचाऱ्याले?"

मला राग आला. पुढच्या सोमवारी मात्र मी स्कूटीवर घडीची खुर्ची आणि थर्मास बांधून त्यांच्या सायकलीच्या मागे निघाले होते. आमच्या घरापासून सात-आठ किलोमीटरवर त्यांचं गाव. गावाच्या मागे धानाच्या बांध्या, म्हणजे खाचरं, आणि बांध्या संपल्या की जंगल.

तीस फुटांचा पडदा जंगलात नेता येत नाही. म्हणून डोमाभाऊ आधी दोन हात मांजरपाटावर नमुना करायचे. बांबूच्या चौकटीला कापड ताणायचं, प्रत्यक्ष जागेवर जाऊन बसायचं, समोर दिसेल ते रंगवायचं, आणि मग घरी त्यावरून मोठा पडदा उचलायचा. बाकीचे पेंटर कॅलेंडर समोर ठेवून जंगल काढत. डोमाभाऊंना ते मान्य नव्हतं. "क्यालेंडरात मच्छर नाई चावत," ते म्हणायचे. "जिथी मच्छर नाई, त्याले मी जंगल नाई म्हणत."

त्याहून कडक होता त्यांचा दुसरा नियम. चित्र काढायला बसल्यापासून उठेपर्यंत जो प्राणी स्वतःहून समोर येईल तोच चित्रात यायचा. याला ते हजेरी म्हणत. ज्याने हजेरी लावली नाही त्याला चित्रात जागा नाही. मग कुणीही सांगो, कितीही सांगो. या नियमापायी झाडीपट्टीच्या प्रेक्षकांनी काय काय पाहिलं आहे! राम-सीतेच्या वनवासाच्या पडद्यावर डाव्या बाजूला एक म्हैस होती आणि तिच्या पाठीवर बगळा. कंपनीचा मालक हातघाईवर आला.

"डोमाभाऊ, वनवासात म्हैस कुठून आली?"

"बोडीतून आली जी. माह्या समोरून गेली."

"अहो पण रामायण आहे ते!"

"तं काय झालं? सीतामाय आली असती तं तिलेही काढलं असतं."

बोडी म्हणजे आमच्याकडचं लहान तळं. म्हैस पडद्यावर राहिली. पुढे पुढे लोक तिच्या नावानेच तो पडदा ओळखू लागले.

आता चितळांकडे येते. बाकीचे पेंटर रंग पक्का बसावा म्हणून त्यात सरस घालत. डोमाभाऊ चिंचोक्याची खळ घालत. चिंचोके भाजायचे, टरफलं काढायची, दळायचं आणि ते पीठ पाण्यात शिजवायचं. हे सगळं त्यांच्या बायकोच्या, वच्छलाबाईंच्या, भाताच्या गंजात चालायचं, आणि त्यावरून त्या घरात रोज एक भांडण ठरलेलं असायचं. मी एकदा विचारलं, सरस विकत मिळतो, मग एवढी खटपट कशाला? म्हणाले, "सरस हाडाकातड्याचा असते, बाई. जनावरायले मेलेल्या भावाचा वास येते त्याच्यात. मंग कोण येईल हजेरीले?"

त्यांचा तर्क बरोबर होता, फक्त जरा जास्तच बरोबर होता. खळीचा वास सगळ्यांना आवडायचा. मुंग्या यायच्या. वानरं यायची. एका वानराने पेवडीच्या वाटीत हात घालून तो तोंडाला पुसला आणि दिवसभर पिवळं तोंड घेऊन झाडावर बसलं. बाकीची वानरं त्याच्या जवळ जाईनात. डोमाभाऊंनी त्याला चित्रात पिवळ्या तोंडाचंच काढलं. आणि एका दुपारी आम्ही ऐनाच्या झाडाखाली डबे उघडून बसलो असताना वाळत ठेवलेल्या चित्रापाशी दोन चितळं आली आणि चाटायला लागली. मी उठणार तोच डोमाभाऊ म्हणाले, "बसा, बाई. खाऊ द्या."

"अहो, चित्र खाताहेत!"

"चित्र नाई, डोंगर खाऊन राह्यले. आभाळाले तोंड नाई लावलं त्यायनं, पाहा. आभाळात चुना हाये ना."

पोटभर डोंगर खाऊन चितळं गेली. डोमाभाऊंनी भाकरीचा हात धोतराला पुसला, चित्रापाशी जाऊन वाकले आणि परत आले ते असे, जणू कुणी शाल-नारळ दिला आहे. "बाई, माह्या चित्राची तारीफ बहुत जणायनं केली. पण चव आजवर कोणी पाहिली नव्हती." ते चित्र त्यांनी मला दिलं. डोंगर दुरुस्त करून द्या म्हटलं तर म्हणाले, त्यांची सही आहे ती, मी कशी पुसू?

पुढचा प्रसंग तुमच्या आईला वाचून दाखवू नका. मोहफुलांचे दिवस होते. आम्ही एका मोहापासून चाळीसेक पावलांवर बसलो होतो आणि त्या मोहाखाली अस्वल आलं. आमच्याकडे माणसं वाघाला भितात त्याहून अस्वलाला जास्त भितात, कारण वाघ निदान काहीतरी विचार करतो. डोमाभाऊंनी मान न हलवता हात पुढे केला आणि कुजबुजले, "काजळी द्या." मी वाटी सरकवली. अस्वल फुलं खात होतं आणि डोमाभाऊ काढत होते. पाठ काढली, मान काढली, मागचे पाय काढले. अस्वल इतकं मोठं आणि इतकं काळं होतं की वाटी तळाला गेली. शेवटी ते फुसफुसत निघून गेल्यावर डोमाभाऊंनी रिकामी वाटी मला दाखवली. "महिन्याची काजळी खाऊन गेला हा. पुढच्या बारीले गोरा होऊन ये म्हणा त्याले."

माकडं, म्हशी, अस्वल, मोर, रानडुक्कर, मुंगूस. सगळ्यांनी हजेरी लावली होती. फक्त एक जण राहिला होता. ज्या तालुक्यात आज वाघ नाही दिसला तर लोक काळजीने विचारतात, त्या तालुक्यात राहून सत्तरी गाठलेल्या डोमाभाऊंना वाघ कधी दिसला नव्हता. बसच्या कंडक्टरला दिसला होता. पोस्टमनला दोनदा दिसला होता. वच्छलाबाईंना मोह वेचताना दिसला होता, आणि त्यांनी ते इतक्या वेळा सांगितलं होतं की गावातल्या बकऱ्यांनाही पाठ असावं. डोमाभाऊ सोबत असले तरी वाघ दिसायचा तो दुसऱ्यालाच. त्या क्षणी ते रंग ढवळायला खाली वाकलेले असायचे.

"दिसंन कसा?" वच्छलाबाई म्हणायच्या. "नजर सारी कपड्यावर. चाळीस वर्षं झाली, माहं तोंड तरी पाहिलं का तुमी नीट?"

"तुहं तोंड तं रोज हजेरी लावते ना वो."

"मंग काढलं काऊन नाई कधी?"

यावर डोमाभाऊ बिडी शोधायला लागायचे.

तीन वर्षांपूर्वी, दसऱ्याच्या सुमारास, मी त्यांच्या अंगणात बसले असताना बबनराव आले. वडशातल्या एका नाटक कंपनीचे हे मालक. चिखलातही पांढरे बूट घालणारे, पण माणूस वाईट नव्हे. एकेक करत बाकीच्या सगळ्या कंपन्यांनी रंगवलेले पडदे सोडून छापील फ्लेक्स लावले होते. त्यांनी परत पाठवलेले डोमाभाऊंचे जुने पडदे घरात गुंडाळून पडले होते. त्यांतला राजवाडा वच्छलाबाईंनी अंगणातल्या धानावर झाकला होता. "दरबार भिजला तं भिजू द्या, धान नाई भिजला पायजे," असं त्यांचं म्हणणं. डोमाभाऊंकडून अजून पडदे घेणारे एकटे बबनराव उरले होते.

"डोमाभाऊ, यंदाचं नाटक वाघाचं हाये," बबनराव म्हणाले. "नायकाच्या बहिणीले वाघ नेते. जंगलाच्या पडद्यावर वाघ पायजे म्हणजे पायजे. नाई तं लोक विचारतीन, बहीण गेली कुठी?"

"आला तं काढतो."

"ते आला-गेला मले नका सांगू. फ्लेक्सवाल्यापाशी वाघ तयार हाये. हे पाहा." त्यांनी मोबाईल पुढे केला. चांगला ढाण्या वाघ होता, दात दाखवणारा.

डोमाभाऊंनी चष्मा वर करून निरखून पाहिलं. "त्याच्या पायाखाली काय हाये जी? पांढरं?"

"असंन काही."

"बरफ हाये तो, बबनराव. हा वाघ आपल्याकडचा नाई."

"बरफ झाकता येते! मी तिथी झुडूप ठेवीन!" मग बबनरावांचा आवाज खाली आला. "हे पाहा भाऊ, लोक मले हसतात. म्हणतात, बबन अजून कपड्याच्या मागं लागला हाये. दिवाळीच्या पाडव्यापर्यंत वाघाचा पडदा द्या. नाई झाला तं मी फ्लेक्स घेतो. अन् एकदा घेतला तं मंग दरसाल तोच."

ते गेल्यावर डोमाभाऊ उठून अंगणाच्या कडेला गेले. मग धानावरच्या राजवाड्याची घडी सरळ करत म्हणाले, "बाई, माह्या बापानं मरायच्या आधी अर्धा पडदा सोडला होता. तो मी पुरा केला. माहा कोण पुरा करंन हे मी कधी मनात नाई आणलं. पण पुढचा पडदाच नसंन, हेही नाई आणलं होतं." बस, एवढंच. दुसऱ्या दिवशी सकाळी दहा वाजता ते बोडीच्या काठावर बसले होते.

वाघ त्या बोडीवर पाणी प्यायला येतो हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. आम्ही रोज दहा ते चार बसायचो. आजूबाजूला हलक्या, लवकर पिकणाऱ्या धानाची कापणी चालू होती आणि वाघ जवळ येऊ नये म्हणून कापणारे लोक अधूनमधून डबे वाजवायचे. तिसऱ्या दिवशी डोमाभाऊ उठून त्यांच्याकडे गेले.

"भाऊ, जरा हळू वाजवा ना जी."

"काऊन? झोप येऊन राह्यली का?"

"वाघाची वाट पाहून राह्यलो."

विळे थांबले. एक बाई म्हणाली, "येडा झाला का हा पेंटर! आमी वाघाले पळवून राह्यलो, अन् हा बोलवून राह्यला!" त्या दिवसापासून डबे दुप्पट वाजू लागले.

आठ दिवसांत त्या नमुन्यावर दोन मोर, एक मुंगूस, घोरपडीचं अर्धं अंग आणि कुणाचा तरी चुकलेला बोकड एवढी हजेरी लागली. पाडवा आठ दिवसांवर आला.

नवव्या दिवशी दुपारी लोक सावलीत जेवायला गेले होते आणि डबे थांबले होते. मी ब्रश धुवायला आणि रंगाच्या पाण्याचा मग भरून घ्यायला बोडीच्या पाण्यापाशी उतरले. डोमाभाऊ वर काठावर, बोडीकडे तोंड करून बसलेले. मी पाणी भरून वळले, आणि त्यांच्या पाठीमागच्या धानातून धानाच्याच रंगाचं काहीतरी वेगळं झालं. बांधावर वाघ उभा होता.

रस्त्यावर कुणी चित्र काढत बसलं की येणारे-जाणारे मागे उभे राहून बघतात ना, अगदी तसा तो उभा होता. मान थोडी तिरपी. माझ्याकडे त्याचं लक्षही नव्हतं. तो डोमाभाऊंच्या खांद्यावरून चित्र पाहत होता.

माझ्या एका हातात मग, दुसऱ्या हातात तीन ब्रश. डोमाभाऊंनी कापडावरून नजर उचलली.

"बाई, काय झालं?"

मला माहीत होतं, मी खरं सांगितलं तर हा माणूस वळेल. नुसता वळणार नाही, नीट दिसावं म्हणून उठून दोन पावलं पुढे जाईल. मी म्हटलं, "काही नाही."

"मंग अश्या काऊन उभ्या?"

"पाय मुरगळला."

ते माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांनी कोळशाचा तुकडा उचलला. "हालू नका. अश्या तुमी कधी दिसल्या नाई." आणि ते भराभर रेघा ओढू लागले. मी नाही तरी हलू शकत नव्हते. वाघाला चित्र पुरेसं पाहून झालं असावं. तो बांध उतरला आणि बांबूत शिरला, पान न हलवता. किती वेळ गेला हे घड्याळात पाहायचं मला सुचलं नाही.

सामान आवरून आम्ही रस्त्याला लागलो, जेवून परतणारी माणसं भेटली, तेव्हा मी डोमाभाऊंना सांगितलं.

त्यांनी सायकल उभी केली. "कवा?"

"मघाशी. मी पाणी घेऊन वळले तेव्हा."

"माह्या मागं?"

"हो."

"अन् तुमी म्हणल्या, पाय मुरगळला."

"तुम्ही वळला असतात, डोमाभाऊ."

"वळलोच असतो! त्याच्यासाठीच तं नऊ दिवस बसलो होतो!" इतक्या वर्षांत त्यांचा आवाज चढलेला मी तेव्हाच ऐकला. सायकल घेऊन ते चालत निघाले, चढले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी कापणाऱ्या लोकांसोबत जाऊन त्यांनी बांधावरचे पंजे पाहिले. मला वाटलं होतं त्याहून वाघ बराच जवळ येऊन गेला होता. चिखलातल्या एका पंजात डोमाभाऊंनी आपला तळहात ठेवून पाहिला म्हणे, आणि घरी गेले. मग दोन दिवस काही निरोप नाही. तिसऱ्या दिवशी वच्छलाबाई आमच्या घरी आल्या, कोहळा घेऊन.

"बाई, तुमी बरं केलं," त्या म्हणाल्या. "मी याले वळखतो. वाघाच्या तोंडापाशी जाऊन हजेरी घेतली असती यानं. वर पट्टे मोजले असते." मग पदराने डोळे पुसत म्हणाल्या, "पण बोलत नाई हो. जेवत हाये, पण बोलत नाई. तुमी या एकदा."

मी गेले. डोमाभाऊ पडवीत खळ ढवळत बसले होते. मी म्हटलं, "मी सगळं सांगते. कान कसे होते, शेपटी कुठे वळली होती, पट्टे कुठे जाड कुठे बारीक. मला नीट आठवतं आहे. तुम्ही फक्त काढा."

"तुमच्याकडं आला तो. तुमी काढा."

"मला वाघ काढता येत नाही."

"अन् मले दिसला नाई."

"अहो, पडदा जाईल तुमचा! बबनराव फ्लेक्स लावतील!"

"लावतीन तं लावतीन." ते ढवळत राहिले. मग चाटू बाजूला ठेवून माझ्याकडे पाहिलं. "बाई, तुमच्या डोळ्यानं पाहिलेला वाघ मी आज काढला, तं उद्या पोस्टमनच्या डोळ्यानं काढीन, परवा फ्लेक्सवाल्याच्या. मंग मी जिनगीभर मच्छर कायले खाल्ले?" चाटू परत उचलत म्हणाले, "तुमी मले वाचवलं, ते समजते जी मले. पण राग येते तं येते. जाईल."

त्याच दिवशी त्यांनी गोठा रिकामा केला, मोठं कापड आत ताणलं आणि दार लावून घेतलं. वच्छलाबाईंनाही आत येऊ दिलं नाही. गुरं तीन दिवस अंगणात, राजवाड्याच्या शेजारी बांधलेली होती.

पाडव्याला गुंडाळलेला पडदा बबनरावांकडे गेला. त्यांनी तो उघडून पाहिला नाही. वाघच असणार असं धरून चालले. हंगामाचा पहिला खेळ भाऊबिजेनंतर मंडईच्या, म्हणजे गावजत्रेच्या, दिवशी होता, डोमाभाऊंच्याच गावाच्या मागच्या बांध्यांत. दुपारी तीनला मी गेले तेव्हा स्टेज उभं राहिलं होतं. रात्रीसाठी जागा धरायला बायका पोती घेऊन आल्या होत्या. स्टेजकडे तोंड करून बसायची जागा, तिच्या मागे कापलेल्या धानाची फणकटं, आणि त्याच्या मागे जंगल. पहिला पडदा लावायचा म्हणून माणसं दोर ओढायला लागली आणि तो वरून खाली उलगडत आला.

आधी आकाश. मग बांबू, मग बोडी. आणि बोडीच्या काठावर मी. दहा फूट उंच. हिरव्या काठाचं लुगडं खोचलेलं, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, एका हातात मग, दुसऱ्या हातात तीन ब्रश. तोंड उघडं. आणि डोळे, आरसा कधी मला तसे दाखवणार नाही असे डोळे, समोरच्या लोकांच्या डोक्यावरून पलीकडे लागलेले. वाघ कुठेच नव्हता.

मला जमिनीत शिरावंसं वाटलं. पण माझ्याकडे पाहायला कुणाला वेळ नव्हता, कारण बबनराव ओरडत होते.

"पेंटर! वाघ कुठी हाये?"

डोमाभाऊ स्टेजच्या पायरीशी उभे होते. "मले नाई दिसला."

"मी वाघ सांगतला अन् तुमी म्याडम आणली! नाटकात म्याडम नाई हाये ना!"

"जे माह्या समोर आलं ते काढलं जी."

"अन् लोकायले काय सांगू मी? बहिणीले म्याडमनं नेलं म्हणून सांगू?"

पुढच्या रांगेत एक म्हातारी पोतं झटकत होती. तिने पडद्याकडे पाहिलं आणि तिचे हात थांबले. माझ्या त्या रंगवलेल्या डोळ्यांकडे ती बघत राहिली. मग अगदी हळू, पोतं छातीशी धरून, तिने मान मागे वळवली.

"काय हाये वो मावशी?" शेजारणीने विचारलं.

"मले काय मालूम. ते बाई काय पाहून राह्यली, पाहाना."

शेजारीण वळली. तिच्या मागची वळली. बोलणं थांबलं. बघता बघता सगळं मैदान स्टेजकडे पाठ करून उभं होतं आणि फणकटांपलीकडच्या जंगलाकडे बघत होतं. दोर धरलेली माणसं बघत होती. लाऊडस्पीकरवाल्याने गाणं बंद केलं. बबनराव बोट उगारून पुढचं वाक्य बोलायला गेले, आणि तेही वळले. काही क्षण जंगलाकडे पाहिलं, मग पडद्याकडे, मग पुन्हा जंगलाकडे.

"बांधा रे, घट्ट बांधा," ते हलकेच म्हणाले. "वाऱ्यानं हालला नाई पायजे."

त्यानंतरचे हंगाम बबनरावांनी फ्लेक्सचं नाव काढलं नाही. डोमाभाऊंनी त्यांना रस्त्याचा नवा पडदा करून दिला, तुरुंगाचा करून दिला. वाघाने मात्र त्यांच्यापुढे शेवटपर्यंत हजेरी लावली नाही. मी त्यांच्याकडे जात राहिले, भाकरी खात राहिले, आणि त्यांचा राग गेला की नाही हे विचारायचं राहून गेलं.

पण मला ते दिसतात ते त्या दुपारचे. मैदानावर एवढी शांतता असताना मी पायरीकडे पाहिलं. माझ्या डोळ्यांतली प्रत्येक रेघ ज्याने स्वतःच्या हाताने काढली होती, समोर फणकटांशिवाय काही नाही हे ज्याला सगळ्यांत जास्त ठाऊक होतं, तो माणूस पायरीवर चवड्यांवर उभा होता. डोळ्यांवर हाताची सावली धरून, सगळ्यांच्या बरोबर, मागे वळून जंगलाकडे बघत.